तुरीच्या दाण्यांची इटली

माझं लग्न ठरत होतं तेव्हा पाहुण्यांतल्या एका काकूंनी माझ्या आईला हळूच विचारलं, मुलगी कॉलेजात संरक्षणशास्त्र शिकवते म्हणजे नेमकं काय करते, बंदूक चालवते का. आईलाही नक्की ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, इतिहासासारखंच असतं ते, फक्त त्यात राजे कमी आणि तोफा जास्त. इतकी सुटसुटीत व्याख्या मला पुढे अभ्यासक्रमाच्या एकाही पुस्तकात सापडली नाही. लग्न ठरलं. नवऱ्याला त्याच्या मित्रांनी 'घरी जरा जपून' हे वाक्य आयुष्यभर ऐकवलं, आणि मी नागपूरच्या एका कॉलेजात हा विषय शिकवत म्हातारी झाले.

बंदूक मी कधीच चालवली नाही. आमचा विषय वेगळा आहे. नकाशा कसा वाचायचा, डोंगराच्या कोणत्या बाजूने सैन्य चढेल आणि कोणत्या बाजूने तोफ चढणारच नाही, एखादा देश लढाईत का उतरतो, आणि उतरल्यावर त्याचं पीठ-मीठ किती दिवस पुरतं, हे आम्ही शिकवतो. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि परीक्षेत सगळ्यात कमी मार्कांचं. इतवारीत वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. दर्शनी फळीवर नट-बोल्टचे चकचकीत नमुने टांगलेले असत आणि खरा माल मागे गोदामात असे, किंवा नसे. त्यामुळे सैन्याची परेड पाहिली की माझं लक्ष आपोआप गोदामाकडे जातं. हा गुण मी घरून घेऊन आले.

विभागात आमची खरी इस्टेट म्हणजे सँड मॉडेल. चार पायांचा एक मोठा लाकडी ट्रे, त्यात कन्हान नदीची चाळलेली वाळू. पाणी मारून डोंगर उठवायचे, निळीने नद्या आणि समुद्र काढायचे, पांढऱ्या रांगोळीने रस्ते. टाचणीला कागदाची झेंडी चिकटवली की झाली एक डिव्हिजन, म्हणजे दहा-बारा हजारांची तुकडी. बाहेरचे लोक हे पाहून हसतात, पण एकदा वाळूत हात घातला की हसणारेही तासभर हलत नाहीत. कॉलेजच्या मांजरीलाही ही वाळू फार आवडायची. लिबियाच्या वाळवंटात तिने जे केलं ते मी वर्गात सांगू शकले नाही. दुसऱ्या दिवसापासून ट्रेवर ताडपत्री आली.

आता इटलीबद्दल. दुसरं महायुद्ध शिकवायला घेतलं की वर्गातल्या प्रत्येक पोराला जर्मनी व्हायचं असतं. जर्मनी नाही मिळाली तर रशिया, तोही गेला तर जपान. इटली व्हायला कोणी तयार नसतं. इटली म्हणजे हसण्याचा विषय. एकदा एका वाचनालयात माझं व्याख्यान होतं. पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मध्येच उठून तो जुना विनोद सांगितला, की इटलीच्या रणगाड्याला पुढे जायचा गिअर एक आणि मागे जायचे चार. सभागृह हसलं. मला असा राग आला की पुढची दहा मिनिटं मी विषय सोडून त्यांनाच शिकवलं. १९४१ साली इरिट्रियाच्या डोंगरात इटलीच्या सैनिकांशी लढलेले आपले हिंदी सैनिक त्यांना भित्रे म्हणत नसत, कारण तिथला एकेक कडा घ्यायला त्यांना आठवडे लागले होते. सैनिक भित्रा नव्हता. तो सहा वर्षं अगोदरपासून वापरून झिजवलेला होता. व्याख्यानानंतर त्या गृहस्थांनी मला चहा पाजला आणि विनोद तरी चांगला होता ना, असं विचारलं. मी नाही म्हणाले.

ही झीज पोरांना दिसावी म्हणून मी स्टीलचा एक डबा आणला आणि त्यात तूर भरली. खेळ सोपा होता. १९३५ साल आहे. वर्गातलं कोणीतरी इटलीचा हुकूमशहा. डब्यातली तूर म्हणजे देशाची सगळी ताकद, माणसं, तोफा, ट्रक, तेल, खजिना, सगळं त्यात आलं. कुठल्या मोहिमेला किती मुठी काढायच्या ते हुकूमशहाने ठरवायचं. दरवर्षी डब्यात नवीन तूर पडते, पण ती चमचाभर. कारण इटलीला कोळसा बाहेरून आणावा लागे, लोखंड बाहेरून, तेलही बाहेरून. आणि नियम एकच, बाहेर काढलेली तूर परत डब्यात येत नाही.

या नियमावर दरवर्षी भांडण व्हायचं. मॅडम, लढाई जिंकली तर तूर परत का नाही? मग मी त्यांना इथिओपियात न्यायची. तिथल्या लोकांकडे विमानं नव्हती, धड तोफा नव्हत्या. इटलीने वरून बॉम्ब टाकले, विषारी वायू सोडला, सात महिन्यांत राजधानीवर झेंडा लावला आणि रोममध्ये जल्लोष झाला. पण डोंगरांत लढणारे लोक काही घरी गेले नाहीत. त्यांच्यासाठी लाखोंची फौज तिथेच ठेवावी लागली, रस्ते बांधावे लागले, आणि ट्रक तिथल्या चढांवर मोडून पडले. झेंडा लावल्यावर खर्च थांबेल असं हुकूमशहाला वाटलं होतं, तो तर तिथून सुरू झाला.

धूळ बसायच्या आत स्पेन आलं. तिथे आपसातली लढाई पेटली होती आणि इटलीने एका बाजूला मदत पाठवली. थोड्या दिवसांचं काम म्हणून गेलेले लोक जवळजवळ तीन वर्षं अडकले. ज्या बाजूला मदत केली ती जिंकली, आणि परत येताना इटलीने तोफा, ट्रक, विमानं बरीचशी तिथेच सोडली. लग्नाला गेलेल्या माणसाने आहेर देऊन यावं तशी. मग अल्बानिया. प्रत्येक वेळी जिंकले. वर्गातला हुकूमशहा तोवर खुशीत आलेला असे आणि मुठी मोठ्या होत जात.

आणि तूर गेली हे खरं नुकसान नव्हेच. खरं नुकसान जिंकण्याने झालं. दोन माणसांचे चिमुकले रणगाडे इथिओपियात चालले, म्हणून तेच ठेवले. स्पेनमध्ये दुहेरी पंखांच्या विमानांनी कमाल केली, म्हणून बाकीचे देश एकेरी पंखांच्या वेगवान विमानांकडे वळत असताना यांनी नवीन विमानही दुहेरी पंखांचंच काढलं. हरलेला माणूस तरी विचार करायला बसतो. जिंकलेल्याला काही सांगायला जा, तो तुमच्यासमोर ट्रॉफी ठेवतो.

मग मी आणखी झेंड्या वाटायची. वर्ग खूश. या कुठून आल्या? तर इटलीने त्या वर्षांत एक युक्ती केली होती. तीन रेजिमेंटची डिव्हिजन होती, ती दोनची केली. माणसं तेवढीच, डिव्हिजनांचा आकडा मोठा. झेंड्यांनी वाळू भरून जायची. शेवटी जून १९४० यायचा, खरं महायुद्ध, समोर फ्रान्स आणि ब्रिटन. मी सांगायची, प्रत्येक झेंडीखाली तूर ठेवा. फ्रान्सच्या सीमेवर ठेवा, लिबियात ठेवा, पूर्व आफ्रिकेत ठेवा, आणि लक्षात असू द्या की सुएझ कालवा ब्रिटनकडे आहे, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्यांना आता घरून काही येणार नाही. मालवाहू जहाजांपैकी तिसरा हिस्सा भूमध्य समुद्राच्या बाहेर होता, त्यांना परत बोलावायलाही कोणाला सुचलं नव्हतं. पोरं डबा उलटा करायची, बुडाशी थापट्या मारायची. दरवर्षी तेच. मी गंभीर चेहऱ्याने उभी असायची आणि आतून मला फार समाधान वाटत असायचं, हे कबूल करते. शिकवलेलं एखाद्याच्या चेहऱ्यावर उतरताना दिसणं हे आमच्या पगारात धरलेलं नसतं.

याच खेळामुळे मी कॉलेजात 'इटलीवाल्या मॅडम' झाले.

खेळ संपला की माझा एक प्रश्न ठरलेला असे. हुकूमशहाला हे ठाऊक नव्हतं का? तर होतं. त्याच्या सेनापतींना माहीत होतं की सैन्य तयार व्हायला अजून दोन-तीन वर्षं लागतील, आणि त्यांनी ते सांगितलंही होतं. पण हळू आवाजात, नरम शब्दांत, आणि सांगून झाल्यावर पुन्हा परेडची तयारी. असं का? मोठ्याने का सांगितलं नाही कोणी? पोरं पुस्तकी उत्तरं द्यायची. हुकूमशाही, प्रचार, राष्ट्रवाद. मी मार्क देऊन टाकायची.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मात्र वेगळं उत्तर आलं. ते दिलं शीतल गजभियेने.

शीतल कुहीच्या पलीकडच्या एका खेड्यातली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि कॉलेजची सगळ्यात वेगवान पोरगी होती. तिने आमचा विषय घेतला तो पोलीस भरतीला उपयोगी पडेल म्हणून. तो काही विशेष उपयोगी पडत नाही, पण हे मी कोणाला आधी सांगत नसे, नाहीतर विभाग कधीच बंद पडला असता. तिचा मोठा भाऊ मौद्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामाला होता. भरती ही दरवर्षी निघणारी गोष्ट नव्हे. त्याच्या वेळी एक भरती थोडक्यात हुकली, पुढची निघेपर्यंत त्याचं वय निघून गेलं. घरात हे रोज दिसत होतं. त्यामुळे या वर्षी भरतीची जाहिरात आल्यावर शीतलसाठी दुसरं काही उरलं नव्हतं. ती लागली तर लागली.

त्या दिवशी ती ट्रेच्या काठाशी उभी होती, एक हात सिसिलीवर टेकवून. मी नेहमीचा प्रश्न विचारला, सेनापतींनी मोठ्याने का सांगितलं नाही. ती वाळूकडे पाहत म्हणाली, "सांगतलं तं टीममधून काढतीन न, मॅडम."

वर्ग हसला. सेनापतींची टीम म्हणजे काय, म्हणून हसला. माझं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. तास सुरू झाल्यापासून ती डाव्या पायावर उभी होती आणि उजवा नुसता जमिनीला टेकवला होता.

तास संपल्यावर मी तिला थांबवलं. आधी काहीच नाही म्हणाली. मग सलवार थोडी वर केली तर नडगीवर घट्ट क्रेप बँडेज. दुखणं पावसाळ्यातलं. स्वातंत्र्यदिनाची तालुक्याची दौड धावली, जिंकली. मौद्याला कोण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची दौड होती, तीही जिंकली. पारशिवनीची जिंकली, कॉलेजची जिंकली, विद्यापीठाची जिंकली. दुखलं की गोळी घ्यायची, बँडेज बांधायचं आणि धावायचं. जिंकतेच आहे म्हटल्यावर पाय ठीकच असणार, असा तिचा हिशेब होता. मी तिला धंतोलीतल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर होती. डॉक्टर म्हणाले, दीड-दोन महिने धावणं पूर्ण बंद, नाहीतर एक दिवस हे हाड धावता धावताच तुटेल.

अडचण अशी होती की तीन आठवड्यांवर राज्यस्तरीय क्रॉसकंट्री आली होती. भरतीची मैदानी चाचणी त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी.

मी सरळ भोयर सरांकडे गेले. भोयर सर आमचे खेळाचे शिक्षक, कंत्राटी. शीतलला त्यांनी पहिल्या वर्षापासून तयार केलं होतं, पहाटे स्वतः मैदानावर येऊन, ज्याची नोंद कोणी कुठे घेत नव्हतं. त्यांचं म्हणणं चूक होतं असं मला आजही म्हणता येणार नाही. राज्य पातळीवर पदक मिळालं तर पोरगी खेळाडूंच्या कोट्यात बसते, तिथे यादी खालच्या मार्कांवर लागते. नुसत्या मार्कांच्या भरवशावर राहिली तर लेखी परीक्षेत तिचं काय होणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आणि कॉलेजला ट्रॉफी हवी होती हेही खरं. सरांचं कंत्राट दर उन्हाळ्यात नव्याने होई, आणि ते होताना ट्रॉफीचं कपाट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असे. प्रत्येक दौडीला असंच एक चांगलं कारण असतं, इथिओपियालाही होतं आणि स्पेनलाही. हे मी त्यांना स्टाफरूममध्ये जरा चढ्या आवाजात सांगितलं. त्यांना मी हुकूमशहा म्हणाले असं नंतर सगळे सांगत होते. म्हणाले असेन. पुढचे काही दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

शीतलही चिडली, आणि माझ्यावर. तिने मला विश्वासाने दाखवलेला पाय मी जाऊन सरांना सांगितला होता. म्हणाली, भरती माही, पाय माहा, मंग तुम्ही दोघं काहून ठरवून राहिले? इतकी वर्षं सेनापती गप्प का बसले म्हणून मी रागावत आले होते, आणि आता जिच्या पायाचा प्रश्न होता तिलाच न विचारता दोन म्हातारे सेनापती भांडत बसले होते.

मग आम्ही मैदानाच्या कडेला, कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसलो. मी ठरवून आले होते की सल्ला द्यायचा नाही. दोन्ही रस्ते तिच्यासमोर ठेवले. धावलीस तर कदाचित पदक, कदाचित कोटा, कदाचित हाड. नाही धावलीस तर पाय वाचेल, कोटा जाईल, आणि लेखीचा अभ्यास माझ्या घरी, रोज. तिने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग तिने असा प्रश्न विचारला जो मला इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

"इटली थांबली असती तं जिंकली असती का मॅडम?"

पोरगी आपलं आयुष्य पणाला लावून विचारत होती, तिला थाप मारणं शक्य नव्हतं. मी म्हणाले, नाही, बहुतेक जिंकली नसतीच. तिच्याकडे तेवढी ताकद मुळातच नव्हती. पण न उतरणं तिला जमलं असतं. मग मी तिला स्पेनचं सांगितलं, जे मी वर्गात घाईत सोडून द्यायची. स्पेनही त्याच लढाईतून बाहेर पडला होता, तिथलाही हुकूमशहा महायुद्धात उतरायला आतुर होता. पण देश उपाशी होता, रेल्वे मोडलेली होती, आणि ते झाकण्यासारखं नव्हतंच. तो बाहेर राहिला आणि तो हुकूमशहा पुढे म्हातारा होऊन खाटेवर मेला. चांगला माणूस नव्हता, पण देश महायुद्धातून वाचला. दोघंही दमलेले होते, मी म्हणाले, फरक एवढाच की स्पेनला ते कळलं होतं. इटलीला वाटत होतं की आपला सराव झालाय.

शीतल उठली, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला भोयर सर चुन्याच्या रेषा पाहत उभे होते तिकडे गेली. लंगडत गेली. इतके दिवस ती लोकांसमोर लंगडत नव्हती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. काय बोलली ते मला नंतर सरांनीच सांगितलं. म्हणाली, सर, मी नाई धावत. पाय गेला तं तुमचं पदक बी गेलं आन् माही भरती बी.

सरांच्या जागी दुसरा कोणी असता तर नाराज होऊन पोरीला वाऱ्यावर सोडून मोकळा झाला असता. भोयर सरांनी दुसऱ्या दिवशी गोळा आणला. पोलीस भरतीच्या मैदानात मुलींना आठशे मीटर धावावं लागतं, शंभर मीटर धावावं लागतं आणि गोळा फेकावा लागतो. तिन्हींचे मार्क धरतात. धावणाऱ्या पोरी गोळ्याकडे ढुंकून पाहत नाहीत. सरांनी तिला खुर्चीवर बसवून गोळा फेकायला शिकवलं, मग उभ्याने, पाय न हलवता. पायाले सुट्टी आहे, हाताले नाई, म्हणायचे. संध्याकाळी ती माझ्या घरी यायची. माझा नवरा तिला अंकगणित शिकवायचा आणि तिच्यावर खूश होता, कारण घरात पहिल्यांदाच कोणीतरी त्याचं मुकाट्याने ऐकत होतं. दोन महिने झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे काढला आणि हळूहळू धावायला परवानगी दिली.

क्रॉसकंट्रीला आमचं कॉलेज रिकाम्या हाताने परत आलं. पुढच्या उन्हाळ्यात भोयर सरांचं कंत्राट पुन्हा झालं नाही. त्याचं कारण ट्रॉफी होतं असं कोणी म्हणालं नाही, नव्हतं असंही कोणी म्हणालं नाही. मी प्राचार्यांकडे जाऊन बोलले, मोठ्याने बोलले, उपयोग झाला नाही. सर आता एका खासगी शाळेत आहेत. या सगळ्यात मला खंत आहे ती हीच. वाळूच्या ट्रेवर ज्याचे दाणे जातात तो नुसता खेळातला हुकूमशहा असतो, इथे एका माणसाची नोकरी गेली.

पण भरतीचं मैदान त्या उन्हाळ्याच्या आधी होतं. त्या सकाळी मी पोलिसांच्या मैदानाबाहेर तारेच्या कुंपणाशी पोहोचले तर भोयर सर माझ्या आधीच तिथे उभे. कुंपणाला गर्दी होती. कोणाचे बाप, कोणाचे भाऊ, अकॅडमीचे मास्तर, सगळे आपापल्या पोरीचं नाव घेऊन ओरडत होते. शीतलची तुकडी आठशे मीटरला आली. पायात वेळ मोजणारी चिप बांधलेल्या पंधरा-वीस पोरी. मला एरवी तिच्या धावण्यातलं एवढंच कळायचं की ती पुढे असते. पहिली फेरी झाली तेव्हा ती पुढे नव्हती. चौथी होती. दोन पोरी तर तिच्या बऱ्याच पुढे निघून गेल्या होत्या. आमच्या मागे कोणीतरी म्हणालं, कुहीची पोट्टी गेली कामातून. भोयर सरांनी तार दोन्ही हातांनी धरली होती. ते एवढंच म्हणाले, नडगी. शेवटच्या वळणावर तिने एकीला मागे टाकलं आणि तिसरी आली. तीन वर्षांत मी तिला पहिल्यांदाच तिसरी येताना पाहत होते. वाटलं, आपण हिचा कोटा घालवला, पायही नीट जुळला नाही, आणि सरांचं पदकही घालवलं. सगळं आपल्याच शहाणपणाने. सरांकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

निकालाचं आधीच सांगून टाकते. मैदान आणि लेखी मिळून जी यादी लागली तीत शीतल गजभियेचं नाव कोट्याशिवाय आलं. आज ती पोलिसांत आहे आणि रस्त्यात भेटली की वर्दीतच पाया पडायला वाकते, मला फार संकोच होतो. पण मला अजून आठवते ती यादी नव्हे, तर त्या दिवशी आठशे मीटर आटोपून ती पाण्यासाठी कुंपणाजवळ आली तो क्षण. चेहरा लाल, पण चाल सरळ. कुठेही लंगडत नव्हती.

भोयर सरांना राहवलं नाही. "काय झालं वं? पाय दुखला का?"

"पाय ठीक आहे, सर." तिने पाण्याचा घोट घेतला. "पूर्ण मार्काचा टाइम मले ठाऊक होता. तेवढ्यातच धावली. अजून शंभर मीटर बाकी आहे, गोळा बाकी आहे."

सरांना ते पटकन उमगलं नाही. एवढी वर्षं त्यांनी तिला एकच गोष्ट शिकवली होती. ते म्हणाले, "पण पहिली आली असती न तू."

शीतलने बाटलीचं झाकण लावलं, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पयली येऊन काय करू, सर? जिंकाचं नव्हतं मले, भरती व्हाचं होतं."